काटासाहेबांचं माप

आमच्या ह्यांना बाजारात 'काटा' म्हणत. तोंडावर काटासाहेब, पाठीमागे नुसताच काटा, आणि दुकानाचं शटर घाईघाईनं खाली ओढताना जे काय म्हणत ते मी इथे सांगत नाही. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. दुधवाल्याचं लिटर, भंगारवाल्याचा तराजू, सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा, पेट्रोलपंपाचं मशीन, सगळं तपासायचं. बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर जप्ती. एकदा माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानातलं दोन किलोचं वजन उचलून आणलं, चाळीस ग्रॅम झिजलं होतं म्हणून. माझ्या माहेरच्यांनी त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. चूक भावाचीच होती, पण हे मी ह्यांना कधी बोलून दाखवलं नाही. डोक्यावर चढून बसले असते.

मी पंचवीस वर्षं पाळणाघर चालवलं. दिवसाला दहा-बारा पोरं, त्यांची नाकं, त्यांची दुपटी, त्यांचे आईबाप. त्यामुळे माझं तोंड फटकळ झालंय. हे मोजून बोलतात, मी न मोजता बोलते, आणि आम्हा दोघांचं मिळून सरासरी ठीक पडतं.

ह्यांच्या किडन्या सहा वर्षांपूर्वीच थकल्या होत्या. ब्लडप्रेशरनं खाल्ल्या. पस्तीस टक्के काम करतात, तेवढ्यात भागतंय, जपा, असं किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या. ह्यांच्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. त्या दिरांनी शेवटची चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर काढली. हे दर शनिवारी त्यांच्याशेजारी जाऊन बसायचे आणि घरी आले की संध्याकाळभर घुम्यासारखे राहायचे. "मला ते मशीन नको," एवढंच एकदा म्हणाले होते. ह्यांनी एकदा म्हटलं म्हणजे शिक्का मारला असं समजायचं.

आणि मग छातीनं दगा दिला. जिना चढताना घाम फुटला, तपासणी झाली, हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. सर्जन म्हणाले, बायपास करा. किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करा, पण डोळे उघडे ठेवून करा. आधीच कमजोर असलेल्या किडनीला असं मोठं ऑपरेशन सोसेलच असं नाही. बहुतेकांची किडनी थोडी रुसते आणि परत कामाला लागते. काहींची लागत नाही.

हे म्हणाले, "मग नकोच. गोळ्या घेऊन जमेल तेवढं जगू."

मी म्हटलं, "जमेल तेवढं म्हणजे किती? मोजून सांगा."

ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मग मी अबोला धरला. चार दिवस. चहाचा कप समोर ठेवायचा आणि निघून जायचं. हो, मला माहीत आहे, हा काही मोठ्या माणसांचा मार्ग नाही. पण सदतीस वर्षांच्या संसारात मी अबोला धरण्याची ही दुसरीच खेप होती, आणि मी गप्प बसले की घरात किती शांत होतं हे ह्यांना सहन होत नाही. पाचव्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले. "चल, कुठे सही करायची ते दाखव," म्हणाले.

ऑपरेशन सोमवारी झालं आणि छान झालं. सर्जन हसत बाहेर आले. मंगळवारी रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीचं काम ज्या आकड्यावरून कळतं तो क्रिएटिनिनचा आकडा आधी एक पॉइंट नऊ असायचा, तो चक्क एक पॉइंट सात झाला होता. मी आणि आमची लेक, जिला पस्तिशी आली तरी आम्ही छकुलीच म्हणतो, अशा दोघी आनंदानं गळ्यात पडलो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या.

"एवढ्यात नाचू नका," त्या म्हणाल्या. बाई बुटक्या, चष्मा कपाळावर, आणि बोलणं माझ्याहून फटकळ, म्हणून मला आवडायच्या. "ऑपरेशनमध्ये त्यांना बाटल्यांवर बाटल्या चढवल्यात. रक्त पातळ झालं, म्हणून आकडा खाली दिसतो. साहेबांना विचारा, दुधात पाणी घातलं की काय होतं."

"मग खरं कळणार कधी?"

"रक्तातला आकडा उशिरा बोलतो, एक-दोन दिवसांनी. किडनीला लागलं असेल तर बहुतेक वेळा लघवी आधी बोलते. ती कमी व्हायला लागली आणि वेळेत कळलं, तर आपल्या हातात खूप काही असतं. पाणी आवरता येतं, औषधं थांबवता येतात, प्रेशर सांभाळता येतं. दोन दिवस उशीर झाला की हातात थोडंच उरतं. म्हणून मला त्यांची लघवी थेंबाथेंबानं मोजून हवी आहे."

मी मान डोलावली. मोजायचंच असेल तर आमच्या घरात माणसाची काय कमी, असं मला वाटलं. बघा, माणूस काय काय विचार करतो.

अतिदक्षता विभागात होते तोवर लघवीची नळी होती, पिशवीत जमायची, सिस्टर तासातासाला लिहायच्या. बुधवारी दुपारी नळी काढली आणि ह्यांना शेजारच्या चार खाटांच्या खोलीत हलवलं. खिडकीजवळची खाट मिळाली. छातीवर टाके, पायावर टाके, खोकायचं तर छातीशी उशी आवळून खोकायचं. फुप्फुसांच्या व्यायामाला, श्वास आत ओढायचं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं दिलेलं. हे एका श्वासात दोन गोळ्या उचलायचे आणि तिसरी उचलली नाही म्हणून कंपनीला दोष द्यायचे.

नळी नाही म्हटल्यावर लघवी मापाच्या भांड्यात करायची आणि दरवेळचा आकडा खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर लिहायचा. मोठ्या सिस्टरनी भांडं आणलं तशी ह्यांनी ते हातात घेऊन उजेडात धरलं.

"ह्याच्या रेघा जाड आहेत. पाचाचा फरक पडेल," म्हणाले. मग सिस्टरना माप वाचायचं कसं ते शिकवलं. भांडं सपाट जागी ठेवायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा, कडेला पाणी वर चढतं ते धरायचं नाही, मधला खड्डा धरायचा. सिस्टर वीस वर्षं नोकरी केलेल्या, पण कौतुकानं ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "साहेब, तुमच्याइतकं अचूक आमच्यात कुणाला जमणार? तुम्हीच वाचा, तुम्हीच लिहा."

आणि पेन ह्यांच्या हातात दिलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, उलट अभिमान वाटला. चौतीस वर्षांत ज्या माणसानं एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याच्या हातचं माप कोण तपासणार?

त्याच दुपारी मी एक मूर्खपणा केला. ह्यांचा डोळा लागला होता. निदान मला तसं वाटलं. खिडकीपाशी उभी राहून मी छकुलीशी बोलत होते. तीन दिवस धीराची मूर्ती होऊन वावरले होते, ते एकदम सुटलं. मी रडले. म्हटलं, "ह्यांच्या किडनीला काही झालं ना, तर मी स्वतःला माफ करणार नाही. ते नको म्हणत होते. मी अबोला धरून सही घेतली. ह्यांना मशीनवर बसायला लागलं तर ते माझ्यामुळे." छकुलीनं माझं डोकं खांद्यावर घेतलं, असं काही होणार नाही गं आई म्हणाली, आणि आम्ही चहा प्यायला खाली गेलो.

त्या संध्याकाळपासून तक्ता अगदी बघत राहावा असा भरायला लागला. दोनशे पाच. एकशे पंच्याऐंशी. दोनशे तीस. छापल्यासारखं अक्षर, शेजारी वेळ, खाली छोटीशी सही. लघवीला जायचे ते एकटे. मावशी, म्हणजे तिथली कामवाली बाई, बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहायची. मी आत येऊ का विचारलं तर म्हणाले, "लाज आहे का काही?" सदतीस वर्षांनंतर कसली लाज, पण म्हटलं जाऊ दे, दुखलेला माणूस आहे. बाहेर आले की भांडं मावशीकडे द्यायचे. सिस्टर लांबून बघून म्हणायच्या, वा, पाण्यासारखी स्वच्छ.

गुरुवारी सकाळी क्रिएटिनिन दोन पॉइंट दोन आलं. डॉक्टरीणबाई तक्त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. एकदा रिपोर्ट बघायच्या, एकदा तक्ता.

"आकडा वाढलाय," म्हणाल्या. "पण लघवी एवढी चांगली आहे. दुसऱ्या कुणाची नोंद असती तर मी विश्वास ठेवला नसता." मग त्यांनी ब्लडप्रेशरची जुनी गोळी परत सुरू केली, पाणी थोडं वाढवलं, आणि उद्या पुन्हा रक्त बघू म्हणाल्या.

हे खिडकीबाहेर बघत होते.

शुक्रवारी सकाळी वजन केलं तर ते दोन दिवसांत अडीच किलोनं वाढलेलं. मी म्हटलं, "पोटात अन्न जात नाही आणि वजन कसं वाढतं?" हे म्हणाले, "तो काटा खोटा आहे. स्प्रिंग गेली आहे, बघूनच कळतं." आता वजनकाट्याबद्दल ह्यांच्याशी कोण वाद घालणार? सिस्टरनी 'काटा तपासावा' असं लिहून ठेवलं. माझं मात्र लक्ष ह्यांच्या पायांकडे गेलं. घोटे गायब झाले होते. डोळ्यांखाली फुगवटा आला होता. मला वाटलं, झोप झाली नसेल.

दहाच्या सुमारास हे बाथरूममधून बाहेर आले. मावशी चादरी आणायला गेली होती. भिंतीला धरून उभे होते, थोडी धाप लागली होती, म्हणून मी पुढे होऊन भांडं घेतलं.

भांडं गार होतं.

पंचवीस वर्षांत मी किती पोरांची दुपटी बदलली असतील, देवाला ठाऊक. कितीदा मांडीवर, हातावर, एकदा तर नव्या साडीवर. ती नेहमी कोमट असते. अंगातून आत्ता आलेलं काही गार कसं असेल? मी भांड्याला तळवा लावला. मग पालथा हात लावला. नळाचं पाणी भरलेल्या तांब्यासारखं गार.

"अहो," मी म्हटलं. "हे गार आहे."

"एसी लावलाय ना."

"एसी बाहेर आहे. बाथरूममध्ये नाही."

ते खाटेवर बसले, उशी छातीशी घेतली. मी पडदा ओढला, भांडं स्टुलावर ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसले. आवाज मी बारीक ठेवला.

"ह्यातली खरी किती?"

"साठ."

"सकाळपासून साठ?"

"काल रात्री झोपलो त्यानंतरची."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आठवतं तेवढं सांगते. मी म्हटलं, बाजारभर लोकांची मापं जप्त करत फिरलात आणि इथे येऊन नळाखाली भांडं धरता? कुंपणानंच शेत खायचं? म्हटलं, दुधवाल्यानं लोकांच्या दुधात पाणी घातलं तर कुणी मरत नाही, तुम्ही कशात पाणी घातलंत ते कळतंय का तुम्हाला? हळू बोलत होते, पण दात आवळून.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मी जागा होतो."

"कुठल्या दिवशी?"

"तू छकुलीला सांगत होतीस ना खिडकीजवळ. मी आयुष्यात तुला तसं रडताना बघितलं नव्हतं. संध्याकाळी भांड्यात बघितलं तर जेमतेम सत्तर. म्हटलं, आज थोडी कमी आहे, उद्या वाढेल. तोवर कशाला तुझ्या जिवाला घोर." त्यांनी उशीचा कोपरा दोनदा सरळ केला. "उद्या वाढली असती तर पुढचं सगळं खरं लिहिणार होतो. पण ती वाढलीच नाही. आणि एकदा खोटं लिहिल्यावर खाली कसं यायचं ते कळेना. तुझ्यामुळे झालं असं तुला वाटायला नको होतं. एवढंच."

असा राग आला होता की गदागदा हलवावं, पण छातीवर टाके. आणि खरं सांगू, इतकं प्रेमही मला ह्या माणसाचं कधी आलं नव्हतं. दोन्ही एकदम आलं की माणसानं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही. मी उठून पडदा सरकवला.

"सिस्टरना बोलावते."

त्यांनी माझं मनगट धरलं. "तू सांगू नकोस."

"सांगणार."

"तसं नाही. मी सांगतो. नोंद माझ्या हातची आहे."

मोठ्या सिस्टर आल्या, दहा मिनिटांत डॉक्टरीणबाई धावत आल्या. हे ताठ बसले आणि खात्यात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, बुधवार संध्याकाळपासूनच्या सर्व नोंदी खोट्या आहेत. मी दरवेळी नळाचं पाणी घालून माप वाढवलं. ह्यात सिस्टरचा किंवा माझ्या पत्नीचा काही संबंध नाही. लेखी हवं असेल तर लिहून देतो."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "खरी किती होती ते आता कसं कळणार, साहेब?"

तेव्हा ह्यांनी गादीखालून एक्स-रेचा मोठा लिफाफा ओढला. त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात सगळं लिहिलं होतं. वेळ, खरं माप, घातलेलं पाणी, एकूण. बुधवार संध्याकाळ सात ते गुरुवार सकाळ सात, तीनशे दहा. गुरुवार दिवसभर, एकशे नव्वद. रात्रीपासून आत्तापर्यंत, साठ. खोटं करतानासुद्धा आधी खरं मोजल्याशिवाय ह्यांना राहवलं नव्हतं.

बाईंनी लिफाफा हातात घेतला, बोटानं एकेक ओळ वाचत खाली आल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून काही टोचरं निघालं नाही. "बुधवारी रात्रीच कमी झाली होती, गुरुवारी आणखी घसरली," एवढंच म्हणाल्या. मग भराभर सुरू झालं. ब्लडप्रेशरची गोळी बंद, पाणी मोजून, नळी परत घातली, रक्त तातडीनं लॅबला. तासाभरात आकडा आला, तीन पॉइंट एक. मोठ्या सिस्टर तक्ता काढून घेताना म्हणाल्या, "पेन मी द्यायला नको होतं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि रक्त एक सांगत असताना मी अक्षरावर भाळायला नको होतं." हे खाली मान घालून बसले होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर शर्ट घामानं भिजलेला होता.

पुन्हा अतिदक्षता विभाग. पुन्हा पिशवी. मी काचेतून बघायची, आणि सिस्टर बोटांनी आकडा दाखवायची. दहा. बारा. आठ. शनिवारी दुपारी धाप वाढली, फुप्फुसात पाणी साचायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मशीन लावावं लागेल."

मला आत सोडलं. ह्यांना आधीच सांगितलं होतं. मानेत जाड नळी घातली होती, दोन्ही हातांना सुया होत्या. धरायला हात नव्हता म्हणून मी पाय धरला. मशीन सुरू झालं तसा पाय गार पडला आणि कापायला लागला. त्यांना भाऊ आठवत होता हे मला न सांगता कळलं. मी तोंडाला येईल ते बोलत राहिले. पाळणाघरातल्या एका पोरानं ह्यांचा शिक्का खाल्ला होता ते, माझ्या भावाच्या वजनाचं ते, छकुली पहिल्यांदा शाळेतून पळून आली ते. चार तास माझ्या तोंडाचा पट्टा थांबला नाही. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी सिस्टरना विचारलं की ह्या बाईंना बंद करायचं बटण कुठे आहे. हे हसले. टाके दुखले, तरी हसले.

सोमवारी दुसऱ्यांदा मशीन लागलं. मंगळवारी सकाळी सिस्टरनं काचेतून दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली, परत उघडली, आणि मला नीट मोजताच येईना. पस्तीस होती. दुपारी पन्नास. बुधवारी पिशवी तासातासाला भरायला लागली. मी आणि छकुली त्या काचेला नाक लावून लघवीची पिशवी बघत ढसाढसा रडत होतो, आणि बाजूनं जाणारी माणसं आम्हाला बघत होती.

पुढच्या आठवड्यात घरी सोडायचं ठरलं. निघायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर तो एक्स-रेचा लिफाफा होता. त्यांनी मला बसायला सांगितलं तेव्हाच मी ओळखलं.

"मशीन आता लागणार नाही. निदान पुढची काही वर्षं तरी लागू नये. पण क्रिएटिनिन दोन पॉइंट सहाच्या खाली येत नाहीये. आधी पस्तीस टक्के होती, आता पंचवीस धरा."

"ते दहा टक्के ऑपरेशननं गेले का?"

"थोडे ऑपरेशननं. पण गुरुवारी सकाळी मला खरा आकडा मिळाला असता तर ती गोळी मी दिली नसती, पाणी वाढवलं नसतं. बरंचसं वाचलं असतं. मशीनही कदाचित टळलं असतं." लिफाफा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "साहेबांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. विचारलं नाही तर मुद्दाम सांगायलाही जाणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

मी लिफाफा पिशवीत तळाशी घातला आणि खोलीत आले. हे कपडे घालून तयार होते. इस्त्रीचा शर्ट, जो आता खांद्यांवर ढगळ होत होता. छकुली खाली गाडी आणायला गेली होती. त्यांनी पंधरा दिवसांत डॉक्टरीणबाईंना एकदाही विचारलं नव्हतं. आमच्या ह्यांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात मूळ कागद बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही, त्यांनी नेमकं मला विचारलं.

"पंचवीसवर आली ना?"

"हो."

"ते दहा टक्के त्या दोन दिवसांत गेले का? माझ्या त्या पाण्यामुळे?"

मी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावत होते. नजर बटणावरच ठेवली.

"छे. विचारलं मी बाईंना. ऑपरेशननंच गेले म्हणाल्या. तेवढे जाणारच होते."

"ऑपरेशननं."

"हो."

"म्हणजे तू अबोला धरलास त्यामुळे."

"हो," मी म्हटलं. "माझ्यामुळे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. भंगारवाल्याच्या तराजूकडे बघायचे तसं, अगदी डोळा रेषेला आणून, बराच वेळ. माझं बटण लावून झालं होतं, तरी मी हात काढला नाही.

"बरं," ते म्हणाले, आणि खाटेवर थोडं सरकून मला शेजारी बसायला जागा केली.